दर्शनी काच, तापलेला स्लॅब आणि १८ डिग्रीचं भांडण

मागच्या अंकात घरच्या लाइटबिलावर लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आणि मेल आले त्यात निम्म्याहून जास्त जणांनी घराचं काही विचारलंच नाही, विचारलं ते ऑफिसचं, शाळेचं, पतसंस्थेचं, ग्रामपंचायतीचं. म्हणून यावेळचं सदर सगळं सार्वजनिक आणि कमर्शियल इमारतींना देऊन टाकते. लांबलचक प्रश्न कापलेत, सारखे होते ते एकत्र केलेत, राग मानू नका.

प्रश्न : नाशिकला मेन रोडवर आमचा प्लॉट आहे, तळमजला अधिक तीन असं कमर्शियल बांधतोय. रस्ता पश्चिमेला. आर्किटेक्ट म्हणतो समोरून वरपासून खालपर्यंत पूर्ण काच लावू, नाहीतर चांगले ब्रँड भाड्याने येणार नाहीत. आमचे दाजी म्हणतात भट्टी होईल. कोणाचं ऐकायचं?

दाजींचं. पण आर्किटेक्टला घालवू नका, त्याच्याकडून ड्रॉइंग बदलून घ्या, अजून वेळ आहे.

पश्चिमेचं ऊन एवढं वाईट का ते बघा. दुपारी बाराचं ऊन डोक्यावर असतं, त्याला दोन फुटांचा छज्जा पुरतो. चार-साडेचारचं ऊन तिरपं येतं, सरळ काचेत घुसतं, छज्जा कितीही काढा त्याच्या खालून येतं, आणि त्याच वेळेला बाहेरची हवापण तापलेली असते, सकाळपासून ऊन खाल्लेला स्लॅब आत उष्णता सोडायला लागलेला असतो, म्हणजे सगळं एकदमच अंगावर येतं. एप्रिल-मेमध्ये त्या वेळेला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर चौरस मीटरला साधारण ६०० वॉट उष्णता पडते असं धरा. तुमच्या एका मजल्याला समोर ५० चौरस मीटर काच आहे असं समजू. साध्या काचेतून त्यातली ८० टक्के आत येते, म्हणजे २४ किलोवॉट. एक टन एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे जवळजवळ सात टन एसी फक्त त्या काचेतून आलेलं ऊन परत बाहेर फेकायला, माणसं, लाइट, कॉम्प्युटर यांचा हिशेब अजून सुरूच झाला नाही. आणि हे एका मजल्याचं झालं, तुमचे चार आहेत.

आता तीच काच चांगली घेतली तर? काचेच्या कॅटलॉगमध्ये एसएचजीसी म्हणून एक आकडा असतो, उन्हातली किती उष्णता आत येऊ देते त्याचं ते प्रमाण. आपल्याकडे कमर्शियल इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आहे, सगळे ईसीबीसी म्हणतात, २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली. त्या २०१७ च्या आवृत्तीत उत्तर सोडून बाकी दिशांच्या काचेला हा आकडा जास्तीत जास्त ०.२७ चालतो, आणि बाहेरच्या भिंतींच्या एकूण क्षेत्रफळात काच ४० टक्क्यांच्या वर नको असं सांगितलंय. ०.२७ ची काच लावली तर वरचे २४ किलोवॉट आठवर येतात, सात टनांचे सव्वादोन-अडीच टन होतात. ही संहिता १०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त कनेक्टेड लोड (जोडलेल्या सगळ्या उपकरणांची बेरीज) असलेल्या, नाहीतर १२० केव्हीए किंवा त्याहून जास्त कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरवलेली कमाल मागणी) असलेल्या इमारतींसाठी आहे, तुमची बसेल न बसेल, पण आकडे वापरायला कोणी अडवलं नाही.

इथे एक फसवणूक होते ती सांगून ठेवते. काचवाला गडद निळी नाहीतर काळपट रिफ्लेक्टिव्ह काच दाखवतो, म्हणतो घ्या, ऊन अडलं. ऊन अडतं पण उजेडपण अडतो, मग भर दुपारी आत ट्यूबलाइट लावून बसायचं. म्हणून दुसरा आकडा विचारायचा, व्हीएलटी, म्हणजे उजेड किती येतो. एसएचजीसी कमी आणि व्हीएलटी त्यामानाने बरा अशी काच मिळते, महाग असते, पण काचच ४० टक्क्यांवर आणली की पैसे तिथल्या तिथे भरून निघतात. काच घेताना हे दोन्ही आकडे कोटेशनवर लिहून घ्या, नुसतं 'एनर्जी सेव्हिंग ग्लास' असं लिहिलेलं कोटेशन परत पाठवा.

आणि आतून ब्लाइंड लावू म्हणाल तर ते उन्हाचा त्रास डोळ्याला होऊ नये म्हणून ठीक आहे, उष्णतेसाठी उपयोग थोडाच, कारण ऊन काच ओलांडून आत आलंय, ब्लाइंड तापतो आणि खोलीतच गरम होऊन बसतो. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. पश्चिमेला आडवा छज्जा पुरत नाही म्हणून उभे फिन, म्हणजे भिंतीबाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या, लावायचे, तिरके, किंवा जाळी.

ब्रँडवाल्यांचं म्हणाल तर त्यांना काच पाहिजे असते ती तळमजल्याला, शोकेससाठी, वरच्या मजल्यावर बसलेल्या सीएच्या ऑफिसला रस्त्यावरून कोण बघतंय? तळमजल्याची काच सात-आठ फूट आत घ्या आणि पुढे खांबांवर झाकलेली चालायची जागा काढा. मुंबईत फोर्टला दादाभाई नौरोजी रोडवर चालून बघा, दोन्ही बाजूच्या जुन्या इमारतींना खाली सलग कमानींची पडवी आहे, दुकानाची काच सावलीत आणि गिऱ्हाईक पावसाळ्यातही कोरडं. तुमचे जिने, लिफ्ट, टॉयलेट, इलेक्ट्रिक रूम हे सगळं वरच्या मजल्यांवर पश्चिमेला सरकवा, तिथे भिंतच येऊ द्या. मोठ्या खिडक्या उत्तरेला. फक्त एक लक्षात ठेवा, आपण कर्कवृत्ताच्या खाली, नाशिकला मे महिन्यात शून्य सावली दिवस होतो, त्यानंतर जुलैपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीवरही सकाळ-संध्याकाळ थोडं ऊन येतं. बाजूला छोटे उभे फिन दिले की काम होतं.

प्रश्न : ताई, मी जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेवर शिक्षक आहे. वरच्या मजल्यावर तीन वर्ग, वर आरसीसी स्लॅब. मार्चपासूनच मुलं अक्षरशः भाजतात. लोकवर्गणीतून पन्नास-साठ हजार जमतील. एसी तर शक्यच नाही. काय करता येईल?

एसी लागतही नाही. तुमचा शत्रू एकच, तो स्लॅब. एकमजली किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत उन्हाळ्यात सगळ्यात जास्त उष्णता छतातून येते, भिंतीतून नाही. भर उन्हात काळपटलेल्या स्लॅबला हात लावून बघा, नाही लावता येणार, साठ डिग्रीच्या आसपास जातो. पाच-सहा इंच काँक्रीट ही उष्णता दिवसभर पितं आणि खाली सोडत राहतं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पांढरा रंग. चुना घ्या. स्लॅब आधी तारेच्या ब्रशने घासून धुवायचा, शेवाळ राहिलं तर वरचा थर पापुद्र्यासारखा निघतो. तडे असतील ते भरून घ्यायचे, गळती असेल तर आधी ती काढायची, चुना वॉटरप्रूफिंग नाही. कळीचा चुना आदल्या दिवशी विझवायचा, हे काम मुलांकडून अजिबात करून घेऊ नका, उकळून उडतो, डोळ्यात गेला तर फार वाईट, करणाऱ्याने चष्मा आणि हातमोजे घालायचे. मग गाळून, त्यात पांढरं सिमेंट आणि चिकटायला थोडा फेव्हिकॉल घालून दोन-तीन हात मारायचे, एक उभा एक आडवा. सकाळी लवकर करा, तापलेल्या स्लॅबवर मारलं तर चिकटायच्या आधीच वाळतं. खोलीत साधारण दोन ते चार डिग्रीचा फरक पडतो, मुलांना पहिल्या दिवशी कळेल. पावसात तो बऱ्यापैकी धुऊन जातो, दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी परत करावं लागतं. छतावरचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या.

वर्गणी जास्त जमली तर चुन्याऐवजी चायना मोझॅक करा, पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा. एकदाच खर्च, वर्षानुवर्षं टिकतो, फक्त धूळ बसली की धुवायचा, कारण धुळीने पांढरा रंग पांढरा राहत नाही आणि खानदेशातली धूळ तुम्हाला मी काय सांगू. बाजारात 'कूल रूफ' रंगपण मिळतात, ते चांगले असतात, किंमत चुन्याच्या कितीतरी पट. एक मात्र कोणाच्या सांगण्यावरून करू नका, ते काळं डांबरी शीट, गळतीसाठी म्हणून टाकतात आणि खालचे वर्ग अजून तापतात. टाकलंच असेल तर त्यावर पांढरा किंवा चंदेरी थर मारा.

हे काही गरिबीतलं जुगाड नाही बरं का. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा केला, दक्षिण आशियातल्या शहरांत पहिला, पुढे त्यातच वस्त्यांमधली छपरं पांढरी करायचं काम घेतलं. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच आणलं.

उरलेल्या पैशात पंखे बदला. जुना पंखा ७०-८० वॉट खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास, वारा तेवढाच. आणि खिडक्यांचं वेळापत्रक ठेवा, सकाळी सातला सगळ्या उघड्या, अकरानंतर ऊन येणाऱ्या बाजूच्या बंद, कारण बाहेर ४२ असताना उघडी खिडकी म्हणजे गरम हवेला आमंत्रण. वर्गाच्या पश्चिमेला जागा असेल तर या पावसाळ्यात कडुनिंब लावा, दोन मजल्यांपर्यंत पोचायला वेळ लागेल पण आज लावल्याशिवाय पोचणार कसा.

प्रश्न : सांगलीला आमची पतसंस्था आहे. रोज एसीवरून भांडणं, मॅनेजरसाहेब १८ लावतात, काउंटरवरच्या ताई शाल घेऊन बसतात. नक्की किती ठेवायचा?

२४ ते २६, आणि वर पंखा चालू. साधा एसी १८ वर लावला म्हणून लवकर गार करत नाही, तेवढ्याच वेगाने करतो, फक्त थांबत नाही. बीईई, म्हणजे केंद्राचा ऊर्जा बचतीचा विभाग, सांगतो की एक डिग्री वर नेली की साधारण सहा टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले रूम एसी २४ वरच सुरू होतात ते याचसाठी, साहेबांना रिमोट हातात घेऊन खाली आणावा लागतो, आपोआप होत नाही. पंख्याच्या वाऱ्याने अंगाला दोनेक डिग्री गार वाटतं आणि पंखा खातो तीस वॉट. मॅनेजरसाहेब कुठे बसतात तेही बघा, बहुतेक पश्चिमेच्या खिडकीपाशी बसत असतील, त्यांना खरंच गरम होत असणार, त्या खिडकीला बाहेरून सावली द्या, भांडण मिटेल. आणि मेन दरवाज्याला डोअर क्लोजर लावा हो, पतसंस्थेत दार सतत उघडं, आतली गार हवा सगळी पायरीवर.

प्रश्न : सिंधुदुर्गात आमच्या ग्रामपंचायतीची नवीन इमारत मंजूर झालीय. काही सदस्य म्हणतात जांभ्याची आणि कौलारू करू, आपल्या मातीतली, गार राहील. ठेकेदार म्हणतो आता कोण जांभा वापरतं, आरसीसी आणि सपाट स्लॅब घाला, वर एसी बसवा. मार्गदर्शन करावे.

जांभा करा, पण 'जांभा म्हणजे गार' एवढ्यावर थांबू नका, कारण कोकणात घामाचं दुखणं वेगळं आहे. देशावर दिवसा तापतं आणि रात्री चांगलं गार होतं, तिथे जाड भिंत दिवसाची उष्णता पोटात घेते आणि रात्री सोडते, वाड्यांच्या जाड भिंती त्यासाठी. कोकणात रात्रीही फारसं उतरत नाही, हवा दमट, त्यामुळे जाड भिंतीला गार व्हायला सवडच मिळत नाही. इथे महत्त्वाचा वारा. समोरासमोर खिडक्या हव्यात, वारा ज्या बाजूने येतो तिकडच्या खाली आणि पलीकडच्या मोठ्या किंवा वर. इमारत रुंदीला कमी आणि लांबट करा, एका खोलीतून वारा आरपार गेला पाहिजे, मधे दाटीवाटीने केबिन काढल्या की संपलं. ठेकेदार लोकांना मधे पॅसेज आणि दोन्हीकडे खोल्या असा प्लॅन आवडतो, तो इथे चालवू नका. एका बाजूला ओटीसारखी पडवी, तिच्यातून खोल्यांत शिरायचं, लोकांना दाखल्यासाठी थांबायलाही तीच.

जांभा चांगला तो दुसऱ्या कारणांनी. जवळच्या खाणीतला, भाजावा लागत नाही, ट्रक लांबून येत नाही. सिमेंट बनवताना मात्र चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, वर भट्टीचं जळण वेगळं, जगातल्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास धरतात. जांभ्याला बाहेरून प्लास्टर करू नका, नुसत्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, भरा, पैसेही वाचतात आणि दिसतोही छान. फक्त चिरा निवडून घ्या, ठिसूळ असेल तर पावसात भुगा होतो. छप्पर भिंतीच्या बाहेर निदान तीन फूट काढा, पाऊस आणि ऊन दोन्ही भिंतीपासून लांब. कौलांखाली गरम हवा साठते, तिला त्रिकोणी भिंतीत वर झरोके ठेवा, डासांची जाळी लावून.

सगळी इमारत कौलारू नको असेल, पुढेमागे मजला चढवायचा असेल, तर फिलर स्लॅब करा. लॉरी बेकर नावाचा इंग्लंडमध्ये जन्मलेला आर्किटेक्ट पुढे केरळात स्थायिक झाला, त्याने हे खूप केलं. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट फारसं काम करत नाही, ताण लोखंड घेतं, मग तिथे काँक्रीटऐवजी मंगलोरी कौलं जोडीने ठेवायची, सिमेंट वाचतं, कौलांमधल्या हवेने उष्णता कमी येते आणि खालून नक्षी दिसते. याला इंजिनिअरची सही आणि अनुभवी गवंडी दोन्ही लागतात, ठेकेदाराला पहिल्यांदाच करायचं असेल तर आधी एक छोटी खोली करून दाखव म्हणावं.

एसी ठेवा तो एकाच खोलीत, कॉम्प्युटर आणि रेकॉर्डच्या, दमटपणाने कागद खराब होतात म्हणून. कूलर घेऊ नका. विदर्भात वाळ्याच्या ताटीचा कूलर एप्रिल-मेमध्ये कमाल करतो कारण तिथली हवा कोरडी, पाणी झटकन उडून जातं आणि हवा गार होते. तुमच्याकडे हवेत आधीच इतकं पाणी आहे की कूलर फक्त ओल वाढवेल.

प्रश्न : आमच्या आयटी पार्कच्या लॉबीत 'प्लॅटिनम ग्रीन बिल्डिंग'ची मोठी पाटी आहे. मी एका भाडेकरू कंपनीचा ॲडमिन बघतो. कॉमन एरियाचं लाइटबिल मात्र शेजारच्या साध्या बिल्डिंगपेक्षा जास्त. हे सगळं मार्केटिंग आहे का?

सगळं नाही, पण पाटी बघून बिल ठरत नाही हे तुम्हाला कळलंय ते बरोबर आहे. आपल्याकडे मुख्य पद्धती तीन. आयजीबीसी ही सीआयआय या उद्योगांच्या संघटनेने २००१ मध्ये हैदराबादला सुरू केलेली, ग्रिहा ही टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा खात्याची, आणि अमेरिकेतली लीड. तिन्हीत गुण मिळवायचे असतात, वीज, पाणी, साहित्य, जागा, कचरा असे वेगवेगळे. म्हणजे पाण्यात आणि साहित्यात भरपूर गुण मिळवून विजेत बेताचे असले तरी पाटी चांगली मिळू शकते. आणि बऱ्याच पाट्या इमारत बांधताना मिळालेल्या असतात, कॉम्प्युटरवर केलेल्या अंदाजावर. नंतर ती कशी चालवली जाते हे वेगळं प्रकरण. बिल्डरला मात्र पाटीत रस असतोच, आपल्या राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत रेटिंगप्रमाणे बेसिक एफएसआयवर ३, ५ आणि ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने जास्त बांधकाम, मिळतो, मुंबई महापालिकेची हद्द त्यात नाही. एफएसआय बिल्डर विकून मोकळा होतो, बिल तुम्ही भरता.

तुम्ही असं करा. वर्षाची सगळी युनिट्स घ्या, जनरेटरची पण मिळवा, आणि बिल्टअप क्षेत्रफळाने भागा, चौरस मीटरमध्ये. समजा ४,००० चौरस मीटर आणि वर्षाला ६ लाख युनिट, तर १५०. याला ईपीआय म्हणतात. बीईईने २००९ मध्ये ऑफिस इमारतींना स्टार द्यायची योजना आणली तेव्हा मुंबईसारख्या दमट हवामानातल्या एसी ऑफिसला १०० च्या खाली पाच स्टार आणि १७५ ते २०० ला एक स्टार असं ठेवलं होतं. चोवीस तास चालणाऱ्या कॉल सेंटरला हे तसंच लावू नका, तिथे तास जास्त. शेजारच्या बिल्डिंगशी तुलनाही अशी भागूनच करा, कदाचित तुमची मोठी असेल, कदाचित त्यांच्याकडे बेसमेंट पार्किंगचे पंखेच नसतील.

आकडा खरंच जास्त निघाला तर रात्री दहाला एक चक्कर मारा. चिलर, म्हणजे सेंट्रल एसीचं पाणी गार करणारं यंत्र, चालू आहे का, पार्किंगचे एक्झॉस्ट फॅन फुल स्पीडवर आहेत का, लॉबीचे लाइट कोणासाठी जळताहेत. मी ज्या इमारती तपासते त्यात बीएमएस नावाचं महागडं कंट्रोल सिस्टिम असतं आणि ऑपरेटरने ते मॅन्युअलवर टाकलेलं असतं, का तर सहाव्या मजल्यावरून एकदा तक्रार आली होती. बिलावर कॉन्ट्रॅक्ट डिमांड आणि पॉवर फॅक्टरही (खेचलेल्या विजेतली किती खरी कामी आली त्याचं प्रमाण) बघा, महावितरण मोठ्या ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे खेचलेल्या एकूण विजेवर, बिल लावतं, पॉवर फॅक्टर घसरला की न वापरलेल्या विजेचे पैसे गेल्यासारखंच.

चांगलं उदाहरणही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल सगळंच खोटं. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसने एक इमारत मधोमध दोन सारख्या भागांत वाटली. एका भागात नेहमीचा, पण चांगल्या दर्जाचा सेंट्रल एसी. दुसऱ्या भागात स्लॅबमध्येच पाइप घालून त्यातून गार पाणी फिरवलं, हवेपेक्षा पाण्याने उष्णता वाहून नेणं खूप स्वस्त पडतं. माणसं तशीच, काम तेच, मीटर वेगळे. दोन वर्षांच्या मोजणीत पाण्याचा भाग साधारण एक तृतीयांश वीज कमी खाताना दिसला. आणि हे जमलं कारण दोन्ही भागांच्या खिडक्या आणि भिंती आधीच नीट केल्या होत्या, ऊन आत येत असतं तर ते पाइप पुरलेच नसते.

प्रश्न : सात मजली ऑफिस आहे. छतावर पूर्ण सोलर लावलं की बिल शून्य होईल ना? सोलरवाला तसं म्हणतोय.

नाही होणार. एक किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा आणि दिवसाला चार युनिट धरा. तुमचा एक मजला ५०० चौरस मीटर असेल, त्यात पाण्याच्या टाक्या, लिफ्टरूम, एसीची आउटडोअर युनिट्स जाऊन निम्मी गच्ची उरली तर २५ किलोवॉट, वर्षाला साडेछत्तीस हजार युनिट. सात मजल्यांचं ३,५०० चौरस मीटर, वर सांगितलेला १५० चा आकडा लावला तर लागतात सव्वापाच लाख. म्हणजे सात टक्के. लावा जरूर, पैसे वसूल होतात आणि खालच्या स्लॅबला सावली मिळते, पण शून्य वगैरे विसरा.

दिल्लीला जोरबागला पर्यावरण मंत्रालयाचं इंदिरा पर्यावरण भवन आहे, २०१४ मध्ये उद्घाटन झालं, नेट झिरो म्हणून बांधलं. ९३० किलोवॉटचं सोलर आहे, गच्ची पुरत नव्हती म्हणून पॅनल गच्चीच्या कडेबाहेरही काढलेत. पण त्याआधी त्यांनी गरज खाली आणली, मधे मोठा चौक ठेवला, उजेड आणि वारा त्यातून, एसीची पद्धत बदलली. तुमचा क्रमही तोच ठेवा. आधी खिडक्यांना सावली, गच्ची पांढरी, लाइट-पंखे, एसी २४-२५ वर, मग उरलेल्यावर सोलर. उलट केलंत तर महागडी सोलरची वीज काचेतून आलेलं ऊन बाहेर फेकायला वापराल.

प्रश्न : मी पुण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अशा कोणत्या इमारती प्रत्यक्ष बघायला हव्यात? आणि झिंबाब्वेतल्या हरारेच्या, वारुळावरून केलेल्या इमारतीसारखं आपल्याकडे होईल का?

पुण्यातच हडपसरला सुझलॉन वन अर्थ बघ, ख्रिस्तोफर बेनिंजर यांचं काम, बाहेरची लूव्हर, म्हणजे सावलीच्या पट्ट्या, कुठल्या दिशेला कशी बदलतात ते स्केच कर. हैदराबादला सीआयआयचं गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर, २००३ मध्ये लीड प्लॅटिनम मिळालं, तेव्हा अमेरिकेबाहेरची पहिली. तिथली जाळी आणि हवेचे मनोरे बघ. अहमदाबादला टोरंट रिसर्च सेंटर, नव्वदच्या दशकातलं, मनोऱ्याच्या टोकाला पाण्याचा बारीक फवारा, हवा गार आणि जड होऊन आपोआप खाली लॅबमध्ये उतरते. परवानगी आधी काढ, ही चालू ऑफिसं आहेत. जमलं तर तिरुवनंतपुरमला बेकरचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज. फोटो कमी काढ आणि साधा थर्मामीटर घेऊन जा, भिंतीच्या आत-बाहेर, सावलीत-उन्हात मोज.

हरारेचं ईस्टगेट सेंटर १९९६ चं, रात्री गार हवा आत खेचून काँक्रीट गार करायचं आणि दिवसा त्यावर जगायचं. हरारे दीड हजार मीटर उंचीवर, तिथे रात्री गार होतात म्हणून ते चालतं. मुंबईत तसंच्या तसं उचललंस तर रात्रभर दमट गरम हवा आत ओढत बसशील. पण पुणे आणि नाशिकला मार्च-एप्रिलमध्ये दुपारी ३७-३८ आणि पहाटे २० च्या आसपास असतं, तिथे रात्रीचा वारा नक्की वापरता येईल. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला चांगला विषय आहे, हवामान खात्याचे दर तासाचे आकडे घेऊन बस.

प्रश्न : हॉस्पिटलच्या बाहेरच्या भिंतींना लाल विटा घालू की सिपोरेक्स?

एसी असलेल्या भागाला सिपोरेक्स, म्हणजे एएसी ब्लॉक. विटेच्या एक तृतीयांश वजन, उष्णताही विटेपेक्षा तीन-चार पट कमी जाऊ देतो, आणि वजन कमी म्हणून स्टीलही थोडं वाचतं. विटा मातीच्या भाजलेल्या असतात, वरची सुपीक माती त्यात जाते, राख घातलेला हा ब्लॉक त्यामानाने बरा. तोटा असा की पाणी पितो आणि प्लास्टरला तडे जातात. म्हणून ब्लॉक साइटवर झाकून ठेवा, कॉलमला जोडतो तिथे जाळी मारा, प्लास्टरची घाई करू नका, आणि ऑक्सिजनच्या लाइनीसारख्या जड गोष्टी टांगायच्या तिथे आधीच काँक्रीटची पट्टी ओतून घ्या, नंतर ब्लॉकमध्ये खिळा धरत नाही. ओपीडीच्या उघड्या पडवीला मात्र विटा किंवा दगड, काहीही चालेल, तिथे सावली आणि वारा आहेच.